वहीतील बाई आणि कादंबरीतील नायिका

१

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या खाणवस्त्या आणि गुरांच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या, त्यांच्याबरोबरच दारूचे गुत्ते, नृत्यगृहे आणि कुंटणखानेही उभे राहिले. त्यांत राबणाऱ्या स्त्रियांना आणि ते चालवणाऱ्या मालकिणींना इंग्रजी प्रणयकादंबरीने गेल्या काही दशकांत आपल्या नायिका करून घेतले आहे. 'सलून' या शब्दाने मराठी वाचकाला केशकर्तनालय आठवेल. येथे मात्र त्याचा अर्थ दारू, जुगार आणि नाच एका छपराखाली असलेला गुत्ता असा घ्यायचा आहे. 'मॅडम' म्हणजे कुंटणखान्याची मालकीण, मुंबईच्या बोलीत जिला 'घरवाली' म्हणतात ती.

या नायिकेविषयी लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासात एक समज चांगलाच रुजला आहे. त्याची तीन अंगे आहेत. पहिले असे की, सरहद्दीवरची मॅडम ही त्या काळातील स्वतंत्र उद्योजिका होती आणि प्रणयकादंबरी तिचे हे विसरले गेलेले कर्तेपण पुन्हा उजेडात आणते. दुसरे असे की, 'पतिता' आणि 'कुलवती' ही जुनी विभागणी ही कादंबरी मोडून काढते, कारण येथे सलूनमधल्या स्त्रीलाही प्रेम व संसार मिळतो. तिसरे असे की, अर्थ वाचक घडवतो. लक्षावधी स्त्रिया या कादंबऱ्या आनंदाने वाचत असतील, तर त्यांच्या आनंदावर समीक्षकाने न्यायाधीश होऊन बसू नये.

हे म्हणणे उदारमतवादी वाटते. ते मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचेही कारण नाही. परंतु हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर अपुरे ठरते, वाङ्मयप्रकाराच्या घाटाविषयी भाबडे राहते आणि समीक्षेला तिच्या कामातून सवलत देते. सरहद्दीवरच्या या स्त्रियांच्या जगण्याचा मूळ प्रश्न कर्जाचा होता. प्रणयकादंबरी त्या कर्जाचे रूपांतर लज्जेत करते, कारण लज्जा प्रेमाने धुऊन काढता येते, कर्ज तसे फेडता येत नाही. समीक्षक मग लज्जेच्या निरसनालाच मुक्ती म्हणून मान्यता देतात. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या दुहेरी रूपांतराला आहे.

२

या समजाची सैद्धांतिक वंशावळ तपासली तर असे दिसते की, तो ज्यांच्या आधारावर उभा राहिला ते ग्रंथ मुळात बरेच सावध होते. तानिया मॉडलेस्की यांचा 'लव्हिंग विथ अ व्हेन्जन्स' हा ग्रंथ १९८२ मध्ये आणि जॅनिस रॅडवे यांचा 'रीडिंग द रोमान्स' १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत प्रणयकादंबरीची दखल घ्यायची तर ती नाक मुरडण्यापुरती, अशी विद्यापीठीय रीत होती. या दोन ग्रंथांनी ती मोडली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. रॅडवे यांनी 'स्मिथटन' हे कल्पित नाव दिलेल्या अमेरिकन गावातील वाचक-स्त्रियांशी बोलून एक महत्त्वाचा भेद केला. पुस्तक उघडून बसणे ही कृती आणि त्या पुस्तकातली कथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या प्रत्येकाच्या गरजा पुरवणारी स्त्री पुस्तक हाती घेते तेव्हा काही वेळ ती स्वतःसाठी राखून ठेवते; या कृतीत विरोधाचा अंश आहे. पण ती जी कथा वाचते, ती कथा पितृसत्ताक विवाहसंस्थेलाच अखेर पुष्टी देते.

पुढच्या वापरात या विधानाचा उत्तरार्ध गळून पडला. वाचनाच्या कृतीला लावलेले 'विरोध' हे विशेषण कथेला लावले गेले आणि कथेतल्या नायिकेवरून ते थेट इतिहासातल्या स्त्रीवर जाऊन बसले. स्मिथटनची गृहिणी दुपारी निवांत वाचते, यावरून एकोणिसाव्या शतकातल्या कोलोरॅडोमधली वेश्या स्वतंत्र होती असे सिद्ध होत नाही. हे इतके उघड आहे की ते सांगावे लागू नये. तरीही 'कर्तेपण', 'प्रतिरोध', 'अवकाश' अशा संज्ञांच्या आडून ही उडी वारंवार मारली जाते.

जेन टॉम्पकिन्स यांनी 'वेस्ट ऑफ एव्हरीथिंग' (१९९२) या ग्रंथात मांडले की, 'वेस्टर्न' हा प्रकारच मुळी एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या भावनाप्रधान, धर्मनिष्ठ कादंबरीविरुद्धची पुरुषी प्रतिक्रिया होता. स्त्रीला, तिच्या घराला आणि तिच्या भाषेला कथेबाहेर काढण्यासाठी त्याने वाळवंट शोधले. हा विचार मान्य केला तर त्याच वाळवंटात स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या प्रणयकादंबऱ्या घडाव्यात, ही गोष्ट परतफेडीसारखी दिसते. स्त्री परत आली, असे म्हणता येते. पण ती कोणत्या अटीवर परत आली, हा प्रश्न त्यानंतर विचारायला हवा होता. तो फारसा विचारला गेला नाही.

३

इतिहासकारांनी या स्त्रियांविषयी काय शोधले आहे ते आधी पाहू. मॅरियन गोल्डमन यांनी १९८१ मध्ये नेव्हाडातील कॉमस्टॉक या रुप्याच्या खाणींच्या परिसराचा, अ‍ॅन बटलर यांनी १९८५ मध्ये १८६५ ते १८९० या काळातील एकंदर पश्चिमेचा आणि पॉला पेट्रिक यांनी १९८७ मध्ये मोंटानातील हेलेना या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या अभ्यासांची साधने पाहण्यासारखी आहेत. जनगणनेचे तक्ते, पोलीस न्यायालयाच्या नोंदवह्या, लष्करी ठाण्यांचे कागद, गहाणखते, मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या आणि वृत्तपत्रांतील चार ओळींच्या बातम्या. या स्त्रियांनी स्वतः लिहिलेले फारच थोडे उरले आहे. त्यांच्याविषयी जे कळते ते त्यांच्याकडून दंड, भाडे किंवा देणे वसूल करणाऱ्यांच्या वहीतून कळते. आगीच्या विम्यासाठी काढलेल्या सॅनबॉर्न नकाशांत तर कुंटणखान्यांवर 'स्त्रियांचे वसतिगृह' अशा अर्थाची सभ्य खूण आढळते.

या वह्यांतून दिसणारी व्यवस्था साधारण अशी. कुंटणखान्यात राहणारी स्त्री खोलीचे व जेवणाचे पैसे मॅडमला देई. मिळकतीतील मोठा वाटा घराकडे जाई. धंद्याला लागणारे कपडे व प्रसाधने पुष्कळदा मॅडममार्फत उधारीवर घेतली जात. आजारपण आले की मिळकत थांबे, भाडे थांबत नसे. गावाचे प्रशासन दरमहा दंड वसूल करी. कॅन्ससमधील गुरांच्या बाजारपेठांत हा दंड व्यवहारतः परवाना-शुल्कच होता आणि गावच्या तिजोरीला त्याचा आधार होता. नृत्यगृहातील स्त्रीची गोष्ट थोडी वेगळी. ती नाचाच्या आणि गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या दारूच्या पैशांत वाटेकरी असे आणि ती वेश्या असेच असे नाही. प्रणयकादंबरी या फरकाचा पुरेपूर फायदा घेते. तिची नायिका बहुधा गाणारी, नाचणारी, पत्ते वाटणारी असते. वरच्या मजल्यावर जाणारी असते ती तिची मैत्रीण. शील आणि साहस दोन्ही राखण्याची ही सोपी सोय आहे.

मॅडम स्वतंत्र उद्योजिका होती काय? काही होत्या. आयर्लंडमध्ये जन्मलेली आणि 'शिकागो जो' या नावाने ओळखली गेलेली जोसेफीन हेन्सली १८६७ मध्ये हेलेनात आली, नृत्यगृह चालवून तिने जमीनजुमला केला, नाट्यगृह बांधले. पेट्रिक यांनी गहाणखतांच्या आधारे दाखवले आहे की, हेलेनाच्या आरंभीच्या काळात या व्यवसायातील बऱ्याच स्त्रिया मालमत्ताधारक होत्या आणि आपापसांत कर्जव्यवहारही करीत होत्या. पण त्याच अभ्यासातून हेही दिसते की, गावात भांडवल स्थिरावले तशी ही मालकी त्यांच्या हातून निसटत गेली. १८९३ च्या आर्थिक अरिष्टात शिकागो जोची बहुतेक संपत्ती बुडाली. १८९९ मध्ये ती वारली. 'उद्योजिका' हा शब्द ज्यांना प्रिय आहे ते तिची कथा नाट्यगृहाच्या उद्घाटनापाशी थांबवतात.

याहून अवघड गोष्ट अशी की, मॅडमचे स्वातंत्र्य तिच्या घरातल्या मुलींच्या देण्यावर उभे होते. एकीच्या जमाखर्चात जी जमेची बाजू, ती दुसरीच्या खर्चाची. 'स्त्रीचे कर्तेपण' असा एकवचनी शब्दप्रयोग केला की या दोन स्त्रियांमधला संबंध दिसेनासा होतो. या स्त्रियांमध्ये भगिनीभाव सहजी नांदत नव्हता, हे बटलर यांच्या ग्रंथातून पुरेसे स्पष्ट होते. दारिद्र्य, मारहाण, व्यसन आणि आत्महत्या यांचा जो हिशेब तो ग्रंथ मांडतो, तो 'सोन्याच्या मनाची मालकीण' या प्रतिमेत कुठेही बसत नाही.

चिनी स्त्रियांच्या बाबतीत तर कर्ज हे लिखित करारच होते. ल्यूसी चेंग हिराता यांच्या १९७९ मधील निबंधाने सॅन फ्रान्सिस्कोतील या करारांकडे लक्ष वेधले. प्रवासखर्चापोटी दिलेल्या रकमेबद्दल चार-पाच वर्षे विनावेतन देहविक्रय, आणि आजारपणाचे दिवस ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर मुदतीत वाढ, असे त्यांचे स्वरूप होते. करारावर सही वा अंगठा त्या मुलीचाच असे. 'संमती' या संकल्पनेवर विसंबणाऱ्या उदारमतवादी समीक्षेने हा कागद एकदा डोळ्यांसमोर ठेवावा.

४

आता या वहीचे कादंबरीत काय होते ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. ज्युलिया ब्युलेट ही नेव्हाडातील व्हर्जिनिया सिटीची वेश्या. २० जानेवारी १८६७ रोजी तिचा खून झाला. अग्निशामक दलाच्या एका तुकडीची ती मानद सदस्य असल्याने तिच्या अंत्ययात्रेत दलाचे लोक होते. जॉन मिलेन नावाच्या इसमास २४ एप्रिल १८६८ रोजी त्याबद्दल फाशी देण्यात आले. तिचे कपडे व दागिने त्याच्याशी निगडित आढळल्याने तो सापडला होता. ती लहानशा भाड्याच्या घरात एकटी राहत होती. ती कुंटणखान्याची मालकीण नव्हती आणि मेली तेव्हा ती श्रीमंत नव्हे, देणेकरी होती.

विसाव्या शतकाने तिला 'कॉमस्टॉकची राणी' केले. तिच्या नावावर एक महाल बांधला, तिला अपूर्व सौंदर्य दिले, साथीच्या रोगात खाणकामगारांची शुश्रूषा करणारी दयामूर्ती बनवले. १९५९ मध्ये 'बोनान्झा' या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागात ती जेन ग्रीअर या अभिनेत्रीच्या रूपात अवतरली आणि मालिकेतील धाकटा नायक तिच्या प्रेमात पडला. येथे काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. ऐतिहासिक ज्युलियाविषयी जे काही निश्चित कळते ते वस्तूंमधून कळते: चोरीस गेलेले कपडे, न फेडलेली बिले, लिलावाची यादी. दंतकथेने या वस्तू उचलल्या, त्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि त्यांची वेशभूषा केली. रेशमी झगा हा देण्याचा पुरावा होता. कथेत तो वैभवाचे चिन्ह झाला. प्रणयकादंबरीच्या मुखपृष्ठावर जो झगा दिसतो तो हाच.

कोलोरॅडोतील क्रिपल क्रीक येथील पर्ल डिव्हिअरची गोष्टही याच जातीची आहे. 'ओल्ड होमस्टेड' या तिच्या घराचे आज संग्रहालय आहे. जून १८९७ मध्ये मॉर्फिनच्या अतिमात्रेने ती मेली. आठवणीत मात्र मॉर्फिन मागे पडले आणि तिला नेसवून पुरलेला पॅरिसचा गुलाबी झगा पुढे आला. 'पर्ल डिव्हिअर' हे तिचे खरे नाव नव्हते, हे येथे नोंदवून ठेवू. नावाचा प्रश्न पुढे येणार आहे.

५

प्रणयकादंबरीत या रूपांतराचे सर्वांत स्वच्छ आणि म्हणूनच सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह'. १९९१ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली, १९९७ मध्ये ख्रिस्ती वाचकवर्गासाठी तिची सुधारित आवृत्ती निघाली आणि २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. बायबलमधील होशेय या संदेष्ट्याची आणि त्याच्या व्यभिचारिणी पत्नीची कथा तिने १८५० च्या सुमाराच्या कॅलिफोर्नियात आणून ठेवली आहे. लहानपणीच विकली गेलेली एंजल ही कुंटणखान्यातील मुलगी आणि ईश्वराच्या आज्ञेने तिच्याशी लग्न करणारा मायकल होशेय हा शेतकरी, अशी ही जोडी. ती पुन्हापुन्हा पळते. तो पुन्हापुन्हा तिला स्वीकारतो.

या कादंबरीत मालकीण आहे आणि थकबाकीही आहे. मालकिणीकडे एंजलच्या कमाईचे सोने अडकलेले आहे आणि ते मागायला एंजल परत जाते. म्हणजे लेखिकेला या संबंधाचे आर्थिक स्वरूप ठाऊक आहे. क्षणभर कथेची सूत्रे त्या देण्याच्या हाती जातात. पण एंजल पोचते तेव्हा कुंटणखाना जळून गेलेला असतो. कथानकाच्या गरजेपोटी लागलेली ही आग समीक्षकाने सहज घेऊ नये. एका मजूर स्त्रीने आपली बाकी मागण्याचा एकमेव प्रसंग कादंबरी उभा करते आणि वहीच जाळून टाकते. त्यानंतर एंजलचे कोणाकडे काही येणे राहत नाही. उरते ते तिचे स्वतःला अपवित्र समजणे. पुढची पाने या अपवित्रतेच्या भावनेशी झगडतात. झगडा तीव्र आहे, काही ठिकाणी हृद्यही आहे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर मायकलपाशी नव्हते तो प्रश्न आता उरलेलाच नाही.

कादंबरीच्या अखेरीस नायिका आपले खरे नाव पतीला सांगते. वाचकाला हा क्षण पराकोटीचा वाटतो आणि घाटाच्या दृष्टीने तो तसा आहेही. व्यवसायातली सगळी नावे गळून पडतात आणि मूळ नाव प्रेमात परत मिळते. इतिहासाच्या वहीत नेमके उलटे घडते. तेथे टोपणनाव उरते आणि खरे नाव बहुधा कायमचे नाहीसे होते. कादंबरी जे परत देते ते इतिहासात कोणीही परत दिलेले नाही. अशा वेळी कादंबरीने या स्त्रियांचा 'हरवलेला आवाज' मिळवून दिला असे म्हणणे म्हणजे तो आवाज खरोखरच हरवला आहे, ही वस्तुस्थिती पुसणे होय.

पॉली बीमिसच्या कथेत हे पुसणे अधिक सूक्ष्म आहे. आई-वडिलांनी विकलेली ही चिनी मुलगी १८७२ मध्ये आयडाहोतील वॉरन या खाणगावात आणली गेली. आपली किंमत अडीच हजार डॉलर पडली होती असे तिने उतारवयात सांगितले. चार्ली बीमिस या सलूनमालकाने तिला पोकरच्या डावात जिंकले आणि मग त्यांचे प्रेम जुळले, ही दंतकथा प्रसिद्ध आहे. रूथॅन लम मॅकन यांच्या 'थाउजंड पीसेस ऑफ गोल्ड' (१९८१) या चरित्रात्मक कादंबरीने आणि १९९१ मधील चित्रपटाने ती दूरवर नेली. मॅकन यांची कादंबरी सहानुभूतीने लिहिलेली आहे आणि तिची वंशवादाविषयीची जाणीव तीक्ष्ण आहे. तरीही पत्त्याचा डाव तिलाही हवासा वाटला. प्रिसिला वेगर्स यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या डावाला आधार नसल्याचे दाखवले आहे. कागदांत आढळते ते असे: १८९२ च्या कायद्याने चिनी रहिवाशांना वास्तव्याचा दाखला सक्तीचा झाला, १८९४ मध्ये पॉली व चार्ली यांचे लग्न झाले, १८९६ मध्ये तिला दाखला मिळाला. या तीन तारखांमध्ये जे भय आणि जो विचारपूर्वक सावरलेला संसार आहे, त्याची कथा पत्त्याच्या डावाहून कितीतरी मोठी होईल. पण विकत घेणे आणि जिंकणे यांत फरक असतो. विकत घेतलेल्या मुलीच्या मागे पावती राहते, जिंकलेल्या मुलीच्या मागे दैव. प्रणयकथेला दैव चालते, पावती चालत नाही.

६

येथे असा प्रतिवाद संभवतो की, कादंबरीकडून जमाखर्चाची अपेक्षा करणे हेच वाङ्मयबाह्य आहे. प्रणयकादंबरी ही कल्पिताची, इच्छापूर्तीची संहिता. तिला इतिहासाच्या तराजूत का तोलावे?

याचे उत्तर घाटाच्या पातळीवरच द्यावे लागेल. पामेला रेजिस यांनी 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल' (२००३) या ग्रंथात या प्रकाराचे आठ आवश्यक घटक सांगितले आहेत. नायक-नायिकेमधला अडथळा हा त्यांतील एक, आणि कथा त्याच्या निरसनाकडे जाते. रेजिस यांचे हे वर्णन बिनचूक आहे. पण त्याचा एक निष्कर्ष त्यांनी काढलेला नाही. जो अडथळा दोघांमधल्या संबंधातून दूर होऊ शकतो तोच या घाटाला मानवतो. कर्ज हा तिसऱ्या माणसाशी असलेला संबंध आहे. त्याच्या मागे मालकीण, गावचा दंड, खाणीतली मजुरी आणि रुप्याचा भाव अशी साखळी आहे. तेव्हा घाटापुढे दोनच वाटा राहतात. नायकाने एकरकमी पैसे टाकून मुलीला सोडवायचे, म्हणजे तिला पुन्हा विकतच घ्यायचे, किंवा कर्जाचे मनोगतात रूपांतर करायचे. पहिली वाट वाचकाला खटकते, म्हणून दुसरी घ्यावी लागते आणि ऋणाची लज्जा होते. म्हणजे वही वगळली जाते ती या प्रकाराच्या रचनातत्त्वामुळे. लेखिकेची बेपर्वाई शोधण्याचे येथे कारण नाही. मात्र घाट काय करतो हे सांगणे हे समीक्षेचे पहिले काम असताना ते टाळून नायिकेच्या धीटपणाचे कौतुक करीत राहणे ही तिची कुचराई आहे.

कल्पित साहित्याला हे जमतच नाही असेही नव्हे. रॉबर्ट ऑल्टमन यांच्या 'मॅकेब अँड मिसेस मिलर' (१९७१) या चित्रपटात जूली ख्रिस्तीने रंगवलेली मिसेस मिलर मॅकेबपेक्षा हिशेबात तरबेज आहे. ती भागीदारीची बोलणी करते आणि जवळीक निर्माण झाल्यावरही मॅकेबकडून पैसे मोजून घेते. प्रेम आहे की नाही हा प्रश्न चित्रपट उघडा ठेवतो, व्यवहार आहे हे मात्र एकदाही विसरत नाही. म्हणूनच त्याचा शेवट मिलनात होऊ शकत नाही. प्रणयकादंबरीच्या आतही प्रयत्न झालेले आहेत. बेव्हर्ली जेन्किन्स यांच्या कादंबऱ्यांत कृष्णवर्णीय वसाहतवाल्यांचे श्रम आणि कमाई यांना जागा आहे. 'फॉरबिडन' (२०१६) ही व्हर्जिनिया सिटीत घडते आणि तिची नायिका स्वयंपाकाच्या कामावर जगणारी आहे. मजुरी प्रेमकथेत मावते, हे त्यावरून दिसते. पण ही नायिका कुंटणखान्यातली नाही, हेही लक्षात घ्यावे. मजुरी मावते, देहाच्या तारणावर घेतलेले कर्ज अद्याप मावलेले नाही.

विभागणी मोडल्याचा दावाही याच प्रकाशात तपासता येतो. ब्रेट हार्टच्या १८६८ मधील कथेत खाणवस्तीतली एकमेव स्त्री मूल जन्माला घालून आरंभीच मरते. १९३९ मधील 'डेस्ट्री राइड्स अगेन'मध्ये मार्लिन डीट्रिखने रंगवलेली सलूनगायिका नायकावरची गोळी स्वतः झेलते आणि कुलीन नायिकेसाठी जागा मोकळी करते. 'गनस्मोक' ही दूरचित्रवाणी मालिका १९५५ पासून वीस वर्षे चालली. तीत सलूनची मालकीण मिस किटी मार्शलवर प्रेम करीत राहते, लग्न मात्र होत नाही. मरण, त्याग, प्रतीक्षा यांच्यानंतर आलेला प्रणयकादंबरीतील विवाह ही प्रगती वाटते. पण विभागणी येथे मोडत नाही. एका स्त्रीला रेषेच्या पलीकडून अलीकडे आणले जाते आणि रेषा तशीच राहते. वरच्या मजल्यावरच्या बाकीच्या मुलींचे पुढे काय झाले, हे अशी कादंबरी सहसा सांगत नाही.

७

मराठी अभ्यासकाने या परक्या वाळवंटात का शिरावे, असे कोणी विचारील. एक धागा सरळच आहे. डीट्रिखची सलूनगायिका ज्या प्रतिमेतून घडली ती प्रतिमा तिच्याच १९३० मधील 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटाची. आणि त्याच चित्रपटाच्या कथेवर व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) बेतलेला आहे. नृत्यगृहातली बाई आणि तिच्यापायी ढासळणारा गुरुजी हा साचा एकीकडे अमेरिकन सरहद्दीवर, तर दुसरीकडे तमाशाच्या कनातीत पोचला. 'पिंजरा'मध्येही प्रश्न मास्तरांच्या शीलाचा आणि बाईच्या पश्चात्तापाचा आहे. फडाच्या उचलीचा नाही. त्याच वर्षी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. देहाच्या बाजाराला त्याच्या भावासकट भाषेत आणणारी कविता आणि त्या बाजाराची लावणी करणारा चित्रपट एकाच वर्षी मराठीत आले. यांतील भेद ओळखण्याची साधने म्हणूनच मराठी समीक्षेपाशी आहेत. आयात केलेल्या 'प्रतिरोध' या संज्ञेपायी ती गहाण टाकण्याचे कारण नाही.

वाचक-स्त्रीच्या आनंदाचा प्रश्न उरतो. त्या आनंदावर कोणी बंदी घालावी असे येथे म्हटलेले नाही. दिवसभराच्या कामानंतर ज्या वाचकाला आपल्या नायिकेचा संसार झालेला पाहायचा आहे, तिची ती इच्छा खरी आहे आणि तिच्यामागे तिच्या स्वतःच्या जगण्याचा जमाखर्च आहे. समीक्षेने तिला भाबडी समजू नये. पण तिला सांगितले जाणारे सत्यही अर्धवट ठेवू नये. वाचकाचा आदर म्हणजे तिच्या हातातील पुस्तकाची स्तुती असे समीकरण मांडणे, हाही तिला कमी लेखण्याचाच प्रकार आहे.

पदव्युत्तर वर्गात लोकप्रिय साहित्य आता अभ्यासाचा विषय झाले आहे, हे योग्यच झाले. त्या अभ्यासात प्रत्येक नायिकेत 'कर्तेपण' शोधून काढण्याऐवजी एक साधा प्रश्न विचारण्याची सवय लागावी: हिचे देणे कोणाला होते आणि कथेच्या कोणत्या पानावर ते नाहीसे झाले? 'रिडीमिंग लव्ह'पुरते ते पान दाखवता येते. ज्या कादंबऱ्यांत ते अजून कोणी दाखवलेले नाही, त्यांच्यापासून काम सुरू करता येईल.